साडेसात बाय चारची गोदाआत्या

आमच्या गोदाआत्याचं माप साडेसात फूट बाय चार फूट होतं, जाडी अठरा मिलिमीटर, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तिला एक बारीक तडा होता. हे मी मनाचं सांगत नाही. हे कॉम्प्युटरमधून छापून आलं होतं. आणि तो कॉम्प्युटर, त्यातला प्रोग्रॅम आणि तो चालवणारी मुलगी या तिन्हींची जबाबदारी दुर्दैवाने माझ्याकडेच होती, कारण ती मुलगी मीच होते.

आमचं फरशीचं दुकान राहात्याला, नगर-मनमाड रस्त्यावर. दुकान म्हणजे पुढे काचेची केबिन आणि मागे मोठं आवार. आवारात लोखंडी चौकटींना टेकवून उभे केलेले मार्बलचे नि ग्रॅनाईटचे स्लॅब, आणि त्यांच्यामागे दिवसभर किंचाळणारं कटिंग मशीन. तो नव्वदच्या दशकातला काळ. शिर्डीत जिकडे बघावं तिकडे नवीन हॉटेल बांधायला निघालेलं होतं आणि प्रत्येक हॉटेलवाल्याला शेजारच्यापेक्षा गुळगुळीत फरशी हवी होती. भाविक घसरून पडले तरी चालतील, पण चकाकी कमी पडायला नको, असा एकंदर सूर होता. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

माल राजस्थानातून ट्रकने यायचा. तिकडचे व्यापारी त्याला काहीतरी इंग्रजी नावं द्यायचे, ती वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या, डोक्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायची नाहीत. मग अण्णांनी स्वतःची सोय स्वतः केली. ट्रकमधून उतरलेल्या मालाकडे ते लांबून बघायचे, डोळे बारीक करायचे, आणि त्याला आमच्या नात्यातलं एखादं नाव देऊन टाकायचे. करड्या रंगाचा, गुपचूप पडून राहणारा आणि कुणीही वर पाय द्यावा असा दगड आला, त्याचं नाव दिगूकाका (हे अण्णांचे चुलतभाऊ, पारनेरला असतात). पांढरीशुभ्र, नाजूक, जराशा उन्हाने रंग बदलणारी फरशी आली, ती थोरली मामी. आणि गर्द हिरवा, अतोनात जड, कापायला गेलं की मशीनचं पातं मोडणारा एक स्लॅब आला, तेव्हा अण्णांनी डोळे बारीकसुद्धा केले नाहीत. ती सरळ गोदाआत्या. अण्णांची थोरली बहीण, राहणार पाथर्डी तालुका.

आवारात मग हीच भाषा रुळली. थोरल्या मामीला सावलीत घ्या. दिगूकाका जिन्याला कमी पडतात, अजून मागवा. मामीच्या कडा घासून ठेवा, संध्याकाळी न्यायला येणार आहेत. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. नवीन माणसाला वाटायचं. एक गिऱ्हाईक केबिनमध्ये चहा पीत बसलं होतं, तेवढ्यात अण्णांनी आत ओरडून सांगितलं की काकांना मधोमध कापा आणि अर्धे गाडीत टाका. त्या माणसाने चहा अर्धा ठेवला तो ठेवलाच.

हा सगळा साठा अण्णांच्या डोक्यात असायचा आणि डोकं एकच असल्यामुळे कधीकधी घोटाळा व्हायचा. एकदा त्यांनी एकच थोरली मामी दोन हॉटेलांना विकली. दोन्हीकडचे टेम्पो एकाच वेळी दारात आले आणि भर रस्त्यावर मामीसाठी दोन माणसं एकमेकांची गचांडी धरून उभी राहिली. (खऱ्या मामीला हे कळलं असतं तर तिला त्या वयात बरंच वाटलं असतं.) त्या दिवशी मी जाहीर केलं की या दुकानाला कॉम्प्युटरची गरज आहे. मी नुकताच नगरला जाऊन कोर्स केला होता आणि तो कोर्स माझ्या डोक्यात गेला होता. मेंदूत नव्हे, डोक्यात. गावात आपल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

कॉम्प्युटर आला. दगडाच्या धुळीपासून वाचवायचा म्हणून तो केबिनमध्ये, विक्रीसाठी मांडलेल्या दोन संगमरवरी देव्हाऱ्यांच्या मधोमध ठेवला. शिर्डीला जाणारी माणसं सहज डोकावायची आणि त्यालाही हात जोडून जायची. मराठी अक्षरं उमटावीत म्हणून आत एक वेगळं कार्ड बसवून घेतलं, आणि बिलं नि साठा यांचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. नाव, माप, जाडी, भाव, दोष, सूचना असे त्यात रकाने होते. दोषाचा रकाना माझ्या विशेष अभिमानाचा. तो रिकामा सोडला तर कॉम्प्युटर टुईं करून ओरडायचा आणि पुढे जायचाच नाही. दगड आहे म्हणजे दोष असणारच, आणि आपल्याला तो ठाऊक असलाच पाहिजे, असं माझं धोरण होतं.

माहिती भरायला आमचे पॉलिशचे मिस्त्री रशीदभाई शेजारी येऊन बसले. त्यांनी सांगायचं, मी टाईप करायचं.

"आत्या घ्या," रशीदभाई म्हणाले. "खालच्या कोपऱ्यात तडा. पाठीला जाळी मारलेली. उचलायला चार मानसं लागत्यात. आन् सूचनेत लिवा, आडवी ठिवायची न्हाई."

मोठ्या स्लॅबच्या पाठीला, तो फुटू नये म्हणून, धाग्यांची जाळी चिकटवतात आणि तो कायम उभाच ठेवतात. आमच्या धंद्यातली साधी गोष्ट. मी निर्विकारपणे टाईप केलं. थोरल्या मामीचा दोष होता, पाणी लागताच पिवळी पडते, आणि सूचना होती, गिऱ्हाइकाला कोरडीच दाखवावी. दिगूकाकांना खरं तर काही दोष नव्हता, पण कॉम्प्युटर टुईं टुईं करून जीव खायला लागला, तेव्हा रशीदभाईंनी विचार करून सांगितलं की लिवा, पायऱ्या आन् संडास, बाकी कुठं शोभायचं न्हाईत.

यानंतर काही महिने माझे सुखाचे गेले. प्रिंटर कर्रकर्र करत बिल बाहेर टाकायचा, कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद फाडून मी तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, आणि त्यावर "थोरली मामी, आठ नग, गाडीभाडे वेगळे" असं छापलेलं वाचून ते माझ्याकडे बघत राहायचं. मला ते कौतुक वाटायचं.

अशात दादाचं लग्न ठरलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कटिंग मशीन तोच चालवायचा. स्थळ गोदाआत्यानेच आणलेलं होतं. तिच्याच गावची, तिच्या चुलत दिराची मुलगी. मुलीचे वडील तात्या हे फार कमी बोलणारे आणि फार लवकर संशय घेणारे गृहस्थ होते, पण आत्याच्या शब्दावर त्यांनी होकार दिला होता. आत्याचा शब्द हीच त्या लग्नाची सगळी पुंजी. ती उठून गेली असती तर लग्न मोडलं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि दादाला सगळ्यांत जास्त माहीत होतं. कारण मुलगी बघून आल्यापासून दादा कामातून गेला होता. एका हॉटेलच्या स्वयंपाकघराचा ओटा त्याने बेसिनचं भोक न पाडताच पाठवून दिला. ती चूक भरून काढण्यासाठी पुढच्या ओट्याला दोन पाडली.

पत्रिका छापून आल्या आणि आई म्हणाली की चल, पाकिटांवर नावं लिहायला बसू. मी म्हटलं, हातानं? या घरात कॉम्प्युटर असताना? आईने तोंड वाकडं केलं, पण मी ऐकणार नव्हते. मी लगेच माणसांची एक वेगळी यादी केली. नाव, पत्ता आणि शेवटी शेरा. शेऱ्यात प्रत्येकासाठी आपुलकीचं एकेक वाक्य घातलं. आत्यासाठी लिहिलं, "हळदीच्या दोन दिवस आधी यावे." मामीसाठी, "तुमच्याशिवाय शोभा नाही." दिगूकाकांसाठी, "आशीर्वादास अगत्य यावे." वाक्यं माझी मलाच आवडली. नावांच्या बाबतीत आई म्हणाली की गोदावरीबाई वगैरे लिहिलंस तर तिला परकं वाटेल, घरात म्हणतो तसंच लिही. म्हणून मी गोदाआत्या, थोरली मामी, दिगूकाका असंच लिहिलं.

आता झालं काय, ते सांगते. कॉम्प्युटरमध्ये दोन याद्या होत्या. एक मालाची, एक माणसांची. दोन्हींचा पहिला रकाना नाव. छापायची आज्ञा मी अशी लिहिली होती की नाव घे, त्याचा पत्ता छाप, आणि त्या नावापुढे जे काही लिहिलेलं सापडेल ते खाली छाप. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्याने नाव घेतलं, पत्ता छापला, आणि पुढचं शोधायला तो आधी मालाच्या यादीत गेला. ज्यांच्या नावाचा दगड नव्हता, त्यांचा शेरा त्याला माणसांच्या यादीत मिळाला. म्हणजे बँकेतले साहेब, डॉक्टर, हॉटेलवाले, दादाचे मित्र, सगळ्या परक्या माणसांना अगदी बिनचूक आणि प्रेमळ पाकिटं गेली. दगड गेले ते फक्त रक्ताच्या नात्यात.

ही सगळी पाकिटं आई आणि शेजारच्या काकूंनी कणकेची खळ लावून चिकटवली. आईचा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता. एकदा तिने विचारलं की वाचून बघायला नको का गं. मी हसून सांगितलं की कॉम्प्युटर चुकत नाही. (ते खरंच होतं. तो चुकला नव्हता.)

पहिला फोन पारनेरहून आला, दिगूकाकांचा. हा माणूस आयुष्यात कुणावर चिडलेला नाही. त्यांनी आधी सगळ्यांची चौकशी केली, पाऊसपाणी विचारलं, पत्रिका छान आहे म्हणाले. मग म्हणाले, "सुमन, बाळ, पायऱ्यांचं माझं काही म्हणणं नाही. पण संडासाचं जरा जास्त झालं का गं?"

मला काही कळेना. त्यांनी पाकीट वाचून दाखवलं: नाव, पत्ता, आणि त्याखाली रशीदभाईंनी सांगितलेला दोष. फोन ठेवतेय तोवर मामींचा आला. तो आईने घेतला. पलीकडून काय बोलणं झालं ते आईने आजतागायत सांगितलेलं नाही, पण फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली की माझी भावजय विचारते, तिला कोरडीच दाखवावी म्हणजे नेमकं कुणाला. त्यानंतर आई माझ्याशी बोलायची बंद झाली. अण्णा आधी पोट धरून हसले. मग त्यांना एकदम आठवलं की एक पाकीट पाथर्डीकडेही गेलंय, आणि त्यांचं हसू गिळलं गेलं ते दिसलं.

पाथर्डीहून फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्या बोलते तेव्हा एवढी भीती वाटत नाही. दादा मशीन बंद करून नुसता फोनकडे बघत बसला. दुपारी एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं की आत्याच्या गावच्या पोस्टमनने ते पाकीट पारावर मोठ्याने वाचलं, आणि गावात आता मुलं आत्याला बघून "आडवी ठिवू नका रं" म्हणून पळतात.

दादा मला म्हणाला, "सुमे, माझं लगीन मोडलं ना, तर मी तुला त्या मशीनखाली घालीन." तो हे इतक्या शांतपणे म्हणाला, की मी लगेच स्वतःची मापं आठवायला लागले.

सगळे म्हणत होते की अण्णांनी स्वतः जावं, पाया पडावं, मिटवावं. पण अण्णा ट्रकवाल्यांशी मारामारी करू शकतात, थोरल्या बहिणीसमोर उभे राहू शकत नाहीत. मग ठरलं की दिलगिरीचं पत्र न्यायचं आणि ते स्वतः दादाने न्यायचं. आई (माझ्याशी न बोलता, भिंतीला उद्देशून) म्हणाली की हाताने लिहा. इथे मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कॉम्प्युटरने जे बिघडवलं ते कॉम्प्युटरनेच निस्तरायला हवं, नाहीतर लोकांचा विश्वास उडेल, असं माझं मत पडलं. आणि घरात मत असलेली मी एकटीच उरले होते, बाकी सगळे काळजीत होते.

सगळ्यात आधी मी मालाच्या यादीतून नातेवाईक काढून टाकायचं ठरवलं. जिथे जिथे गोदाआत्या असेल तिथे तिथे "हिरवा माल" कर, अशी आज्ञा दिली. कॉम्प्युटरने ताबडतोब केलं. मग मी एक सुंदर पत्र रचलं. पडद्यावर नावाच्या जागी मोकळी चौकट दिसायची, नाव छापताना पडायचं, आणि ते माणसांच्या यादीतून यायचं. दादाच्या एसटीची वेळ झाली होती. प्रिंटरमधून कागद आला तो मी घडी घालून पाकिटात घातला, पाकीट बंद केलं, आणि दादाच्या खिशात कोंबलं. दादा देवाचं नाव घेत पाथर्डीच्या गाडीत बसला.

"जिथे जिथे" म्हणजे दोन्ही याद्यांमध्ये, हे माझ्या लक्षात यायला दादा परत यावा लागला.

दादा परत आला तो पायरीवरच बसला. आत्याच्या ओसरीवर तात्या बसलेले होते, आणखी चार माणसं होती. आत्याने पाकीट हातात घेतलंच नाही, तात्यांनाच वाचायला सांगितलं. तात्यांनी चष्मा लावून ठणठणीत आवाजात वाचलं.

"तीर्थरूप हिरवा माल यांस, साष्टांग नमस्कार. आमच्या घरात हिरवा माल सर्वांना वंद्य आहे. लहानपणापासून आम्ही हिरवा मालच्या मांडीवर वाढलो. हिरवा मालशिवाय आमच्या घरात कोणतेही मंगलकार्य होत नाही व यापुढेही होणार नाही."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पत्र पुन्हा एकदा मनात वाचलं. मग दादाकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडं गांजा सगळेच वढत्यात, का फक्त वडीलधारे?"

दादाने गडबडून मान हलवली, आणि तात्यांनी त्याचा अर्थ होकारार्थी घेतला. आत्या एवढंच म्हणाली की उद्या मी येते, आणि जीप सांगितली.

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही, दादा तर सोडाच. सकाळी अण्णांनी आवारात जे काही हिरवं दिसेल ते सगळं झाकायला सांगितलं, यात आईची तुळसही आली. अकराच्या सुमारास काळी-पिवळी जीप दारात थांबली. आधी आत्या उतरली, मग तात्या उतरले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी नाकाने हवा ओढून बघितली. दगडाच्या धुळीने त्यांना सटासट शिंका आल्या. त्यांचा संशय बळावला.

आत्याने कुणाचा नमस्कार घेतला नाही, पाणी घेतलं नाही. केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी कुठं हाय? दावा मला."

अण्णा एका देव्हाऱ्यामागे होते. त्यांचं अर्धं अंग दिसत होतं, पण आपण दिसत नाही अशी त्यांची समजूत असावी. आत्याने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि आम्ही सगळे वरातीसारखे आवारात निघालो. पुढे आत्या, मागे तात्या, मग पाय ओढत दादा, आणि शेवटी मी, गरज पडली तर पळता यावं म्हणून जरा अंतर ठेवून. रशीदभाईंनी ताडपत्री काढली. मागे एकटाच, भिंतीच्या कडेला, तो स्लॅब उभा होता. धूळ बसून राखाडी झालेला.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "ही मी?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "असली मळकी?"

अण्णांनी नळाची पाईप घेतली आणि वरपासून खालपर्यंत पाणी सोडलं. पॉलिश केल्यावर दगड कसा दिसेल हे गिऱ्हाइकाला दाखवायची आमची हीच पद्धत. धूळ वाहून गेली आणि त्यातून असा काही गर्द हिरवा रंग वर आला, मधून पांढऱ्या रेघा पळालेल्या, की शिंका देणारे तात्यासुद्धा थांबले.

"अक्के," अण्णा पाईपकडे बघत म्हणाले, "आई गेली तवा आम्ही एवढाले होतो. आमाला तू उभं केलंस. तुला तडा गेला आसंल, आमाला कधी दिसू दिला न्हाईस. ह्या दगडाचं बी तसंच हाय. आडवा टाकला की मोडतो, उभा ठिवला की कुनाच्या बापाला हलत न्हाई. तीन हॉटेलवाले मागून गेले. मी इकला न्हाई." मग त्यांना आणखी काही सुचेना, म्हणून ते तसेच पाणी मारत राहिले, आणि बराचसा फवारा तात्यांवर उडाला.

आत्याने पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी शर्टाची बाही लावली. मलाही रडू आलं, कारण एकतर बोलणं खरं होतं, आणि दुसरं म्हणजे मी वाचण्याची शक्यता निर्माण झाली होती. आत्याने त्या ओल्या दगडावरून हात फिरवला, कोपऱ्यातला तडा बोटाने चाचपला, आणि म्हणाली की जाळी मात्र चांगली बसवलीय. मग तिने नाक पुसलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "आन् ती थोरली मामी कुठं हाय?"

आई तोंड उघडणार होती, कारण मामी म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची बायको. पण तोवर पाईप आत्याच्या हातात गेलेली होती. मामीवर पाणी पडलं. मामी पिवळी पडली. आत्या अशी हसायला लागली, की तिला आधार द्यायला दादाने धावत जावं लागलं. तिने पुन्हा पाणी मारायला लावलं, पुन्हा हसली. भाव विचारला. मामीचा भाव आपल्यापेक्षा बराच कमी आहे हे कळल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की तसा तो पॉलिश करूनही उजळला नसता. आईने पदर तोंडात कोंबलेला मी बघितला. ती हसत होती. माझ्याशी मात्र अजून बोलत नव्हती.

तात्यांचं तेवढं राहिलं होतं. ते ओल्या कपड्यांनी उभे होते, पत्राची घडी हातात. त्यांनी एकदा पत्राकडे बघितलं, एकदा त्या स्लॅबकडे. "म्हंजी हिरवा माल ह्यो व्हय," ते म्हणाले. जरा निराशच वाटले. पण त्यांनी चहा घेतला, आणि चहा घेतला म्हणजे लग्न राहिलं. दादा आत जाऊन मशीनशेजारी उभा राहून एकटाच हसला आणि त्या आनंदात त्याने चालू कामाचा एक स्लॅब फुकट कापला.

लग्नात आत्याने मानाची साडी घेतली नाही. मला मीच पाहिजे, असं तिने सांगितलं. तो स्लॅब टेम्पोत घालून पाथर्डीला गेला, तिच्या स्वयंपाकघरात, खालून पक्का आधार देऊन, ओटा म्हणून बसला. बिल करायला मात्र मला कुणी जवळ येऊ दिलं नाही.

लग्नाच्या पंगतीत आत्या अगदी रंगात होती. भाच्याचं लग्न लावून दिलं, आता भाचीचं राहिलं, म्हणून तिने मला हाताला धरून नेवाशाकडच्या एका बाईंपुढे उभं केलं. बाईंचा मुलगा इंजिनीअर होता आणि बाई नीट निरखून बघणाऱ्या होत्या. मी खाली मान घालून उभी राहिले, जमेल तेवढी कोरडी.

"पोरगी बघून घ्या," आत्या ठसक्यात म्हणाली. "माप चांगलं हाय, अंगानं मजबूत, पाठीला जाळी न्हाई, कुठं तडा न्हाई. आमच्या घरचा माल हाय, वरून एक आन् आतून एक आसलं काई न्हाई."

बाई हसल्या. म्हणाल्या की सगळं चांगलंच सांगता, एखादा दोष असेल तर तोही सांगा.

आत्याने क्षणभर विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

"दोष एकच," ती म्हणाली. "तिला कॉम्प्युटर येतो."

त्या बाई निरोप देते म्हणून गेल्या, त्या गेल्याच. मी त्यांना दोष देत नाही.